चेक लाइट, ऑक्सिजन सेन्सर आणि फुकटची तपासणी



मागच्या व्हिडिओत ऑक्सिजन सेन्सर कसा खोलायचा आणि कसा बसवायचा ते दाखवलं. त्यातला तपासणीचा भाग बहुतेकांनी पुढं ढकलून थेट पाना लावायचा भाग पाहिलेला दिसतोय. कारण त्यानंतर आठवडाभर दुकानात एकच फोन. "भाऊ, अमुक गाडीचा सेन्सर आहे का? चेक लाइट लागलीय." मी विचारतो, कोड कुठला आलाय? पलीकडून उत्तर येतं, "कोड नाही बघितला, पण सेन्सरच असतो ना हो शक्यतो."

मी स्पेअर पार्ट विकतो. रेणापुरात माझं दुकान आहे, मागं दोन गाड्या उभ्या राहतील एवढं गॅरेज आहे. असे फोन आले की माझा गल्ला भरतो. तरी सांगतो, माझ्याकडून नेलेल्या सेन्सरपैकी बरेच सेन्सर न्यायची गरजच नव्हती. आणि याचं कारण तुम्हाला वाटतं तसं ज्ञानाचं नाही. तपासायचं कसं ते आपल्यातल्या बऱ्याच पोरांना येतं, आयटीआय झालेली पोरं आहेत. ते तपासत नाहीत, कारण तपासायचे पैसे कुणी देत नाही, आणि देत नाही कारण आपण मागत नाही. पैसे फक्त पार्ट बदलला की मिळतात. मग पार्टच बदलला जाणार, दुसरं काय होणार?

आजचा लेख याच मुद्द्यावर आहे. पण आधी सेन्सरचं काम नीट समजून घेऊ, कारण फी मागायची तर हातात काहीतरी दाखवण्यासारखं पाहिजे.

चूल पेटवलेली बघितली असेलच. हवा कमी पडली की धूर, डोळे चुरचुरतात, भांडं काळं. वारं जास्त झालं की जाळ बाजूला पळतो आणि भाकरी कच्ची. आजी धुराकडं बघून फुंकणी उचलायची. इंजिनात धुराकडं बघायचं काम ऑक्सिजन सेन्सर करतो. सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनाच्या जवळ, तो बसलेला असतो. जळून आलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरलाय ते बघतो आणि ईसीयूला कळवतो. फुंकणी ईसीयूच्या हातात. पेट्रोल किती सोडायचं ते तो ठरवतो.

आत झिर्कोनियाची टोपी असते, एका बाजूनं एक्झॉस्टचा वायू, दुसऱ्या बाजूनं बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक जास्त असेल तर व्होल्टेज जास्त. साधारण ०.१ व्होल्ट म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी. ०.९ व्होल्टच्या आसपास म्हणजे रिच, पेट्रोल जास्त. मधली रेषा ०.४५ ची. साध्या पेट्रोलला एक किलोमागं १४.७ किलो हवा लागते, त्या ठिकाणी ही रेषा येते. टोपी तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून आत हीटर दिलेला असतो. चार वायर असतात त्यातल्या दोन याच हीटरच्या, आणि बहुतेक सेन्सरमध्ये त्या दोन्ही एकाच रंगाच्या असतात.

थोडा इतिहास सांगतो. बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ मध्ये पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत बसला, तोही अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या धुराच्या कडक नियमांसाठी. आपल्याकडं यायला वेळ लागला, आणि त्याला एक साधं कारण होतं. पेट्रोलमधलं शिसं या सेन्सरला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारून टाकतं. शिसं असलेलं पेट्रोल देशभरात बंद झालं ते १ फेब्रुवारी २००० ला. म्हणजे आपल्या भागातल्या जुन्या मिस्त्रींनी अर्धं आयुष्य या सेन्सरशिवाय गाड्या दुरुस्त केल्या. ते कानानं आणि प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखायचे. त्यांच्याकडून ही गोष्ट आपण घेतली नाही हे आपलं नुकसान आहे, त्याचं उदाहरण खाली येतंय.

आता मुख्य गोष्ट. स्कॅनरवर पी ०१७१ कोड आला. स्कॅनर म्हणतो, सिस्टिम लीन, बँक १. सेन्सर खराब आहे असं त्यात कुठं लिहिलंय? सेन्सरनं फक्त साक्ष दिलीय की ऑक्सिजन जास्त दिसतोय. आणि आपण काय करतो, साक्षीदारालाच बाहेर काढतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पानगावकडचे एक गुरुजी आले होते. जुनी छोटी गाडी, लाख किलोमीटरच्या आत चाललेली. बाहेरच्या एका वर्कशॉपात पुढचा सेन्सर बदलून आणला होता, बिल चार हजार आठशे. चार दिवसांनी लाइट परत. गुरुजी म्हणाले, "आता दुसरा सेन्सर बदला म्हणू लालेत. तुम्ही बदला, तेवढंच जवळ पडतंय. आणि लई पेट्रोल खाऊ लालीय हो ही."

कोड तोच, पी ०१७१. लाइव्ह डेटा लावला. आयडलला सेन्सर ०.१ ते ०.२ वर चिकटलेला, म्हणजे लीन. लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २२ टक्के. म्हणजे ईसीयू बिचारा नेहमीपेक्षा २२ टक्के पेट्रोल जास्त सोडतोय आणि तरी सेन्सर म्हणतोय, कमी आहे. २५०० आरपीएमला धरलं तर तीच बेरीज खाली येऊन पाच-सहा टक्क्यांवर. नवा सेन्सर, जुनंच दुखणं.

आमच्याकडच्या मिस्त्रींनी स्कॅनरकडं न बघता प्लग काढला. काळा, काजळीनं भरलेला. आता बघा, सेन्सर म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतो पेट्रोल जास्त. दोघंही खरं बोलत होते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी फट पडली होती, सेन्सरच्या वरच्या बाजूला. आयडलला एक्झॉस्ट धक्क्याधक्क्यानं येतो, दोन धक्क्यांच्या मधे फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा सेन्सरसमोरून जाते. तो म्हणतो, ऑक्सिजन आहे. आहेच की! पण तो इंजिनातून आलेला नव्हता. आरपीएम वाढला की हवा आत यायला वाव कमी, म्हणून ट्रिम खाली. गाडी थंड असताना चालू केली की बॉनेटखालून टिकटिक आवाज यायचा, गुरुजींना तो टॅपेटचा वाटायचा. गॅस्केटच्या कडेला काळा डाग स्पष्ट दिसत होता. गॅस्केट आणि दोन स्टड बदलले, पार्टचे पैसे चारशेच्या आत. सेन्सरला हात लावला नाही.

आपल्या रस्त्यांवर हे फार होतं. गावागावातले स्पीड ब्रेकर, साखर कारखाने चालू झाले की उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते, पाइप खाली आपटतो, फ्लँज हलतो, वेल्डिंग तडकतं. चेक लाइट कोण बघायला आलंय, आधी गाडीखाली वाकून सायलेन्सर बघा. साबणाचं पाणी फवारा. एकानं टेलपाइपला जाड ओलं फडकं क्षणभर दाबून धरायचं, दुसऱ्यानं वर कान लावायचा. फुसफुस आली तर सापडलं. एक रुपया खर्च नाही.

इन्टेकच्या बाजूला गळती असली तरी लीनचा कोड येऊ शकतो, पण तिथं एक पेच आहे, तो व्हिडिओत सांगायला वेळ पुरला नव्हता. ज्या गाडीत हवेचं वजन मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहे तिथं फाटक्या नळीतली हवा मोजणीतून सुटते, त्यामुळं ट्रिम वर जातो. ज्या गाडीत मॅप सेन्सर आहे, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या, तिथं मॅनिफोल्डमधला दाबच मोजला जातो, गळतीची हवाही हिशोबात येते. मग ट्रिम फारसा हलत नाही, आयडल मात्र वाढलेला सापडतो. यूट्यूबवरचा परदेशी व्हिडिओ बघून "ट्रिम नॉर्मल आहे म्हणजे गळती नाही" असं ठरवू नका. आणि ट्रिम उलटा वागला, म्हणजे आयडलला बरा आणि घाटात, लोडवर वाढत गेला, तर पेट्रोलचा दाब बघा. फिल्टर, पंप.

आता सेन्सर खरोखर जिवंत आहे का ते कसं बघायचं. इंजिन चांगलं तापू द्या. २५०० च्या आसपास धरा. पुढचा सेन्सर दहा सेकंदांत सात-आठ वेळा तरी वर-खाली गेला पाहिजे. मग ॲक्सिलरेटर एकदम मारा, ०.८ च्या वर गेला पाहिजे. सोडा, क्षणभर पेट्रोल बंद होतं, ०.१ च्या आसपास आला पाहिजे. दोन्ही टोकं गाठतोय आणि झटकन गाठतोय, तर सेन्सर ठीक आहे, त्याला सोडून द्या. एक सावधगिरी. हजाराच्या आतला ब्लूटूथ स्कॅनर असेल आणि तुम्ही एका वेळी आठ-दहा आकडे उघडून बसला असाल, तर स्कॅनरच हळू असतो. सेन्सर धावत असतो आणि ग्राफ रांगत असतो. बाकी सगळं बंद करून एकच आकडा लावा, मग बोला. या एका कारणानं "सेन्सर स्लो झालाय" म्हणून बदललेले सेन्सर मी पाहिलेत.

काही नव्या गाड्यांत पुढं वाइडबँड सेन्सर असतो, त्याला हे ०.१ ते ०.९ चं गणित लागू होत नाही. तिथं स्कॅनरवर लॅम्डा बघायचा, १ च्या आसपास. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागं जो दुसरा सेन्सर असतो तो शांत, साधारण ०.६-०.७ वर बसलेला पाहिजे. तो शांत आहे म्हणून मेलाय असं समजून बदलणारे पण आहेत! त्याचं शांत असणं म्हणजे कन्व्हर्टर काम करतोय. तो पुढच्यासारखा नाचायला लागला तर कन्व्हर्टर थकलाय, आणि मग पी ०४२० येतो. त्या कोडला सेन्सर बदलून काही होत नाही. काहीजण कन्व्हर्टर पोकळ करून मागच्या सेन्सरला वॉशर लावून वर उचलतात, म्हणजे लाइट लागत नाही. माझं स्पष्ट मत, हे काम करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये प्रदूषणाच्या नियमांचा भंग बसतो, आणि अडकतो तो गिऱ्हाईक, ज्याला आपण काय केलं हेही नीट सांगितलेलं नसतं.

पीयूसीवाल्याशी ओळख ठेवा. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना त्यांच्या मशीनवर लॅम्डा बघायचा नियम आहे, ०.९७ ते १.०३. तो कागद नीट वाचला तर कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे रिच, हे सरळ कळतं. स्कॅनर म्हणतो लीन आणि पीयूसी म्हणतो रिच, असं झालं की गुरुजींच्या गाडीची आठवण काढा.

हीटरचे कोड वेगळे, पी ०१३५ पुढच्याचा, पी ०१४१ मागच्याचा. यात मात्र सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे, कारण हीटर सेन्सरच्या आतच असतो. पण इथंही दोन मिनिटांचं काम आधी करा. प्लग सोडा, सेन्सरच्या बाजूला हीटरच्या दोन वायरींत मल्टिमीटर लावा. थंड असताना गाडीप्रमाणं दोन ते पंधरा ओहमच्या मधे काहीतरी दिसलं पाहिजे. काहीच दिसत नाही, लाइन तुटलेली, तर हीटर गेला, सेन्सर बदला, जास्त चर्चा नको. ओहम ठीक आले तर गाडीच्या बाजूच्या प्लगमध्ये इंजिन चालू ठेवून बारा व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर फ्यूज, आणि फ्यूज चांगला असेल तर उंदीर.

हसू नका. आपल्याकडं गाडी कुठं उभी असते? कडब्याच्या गंजीजवळ, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी, गोठ्याच्या भिंतीला. इंजिन गरम, बाहेर थंडी, उंदराला याहून चांगली खोली कुठली? दिवाळीनंतर माझ्याकडं आलेल्या हीटर कोडच्या गाड्यांत वायर कुरतडलेली सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. वायरला नीट जोड दिला, वरून स्लीव्ह घातली, गाडी गेली. त्या जागी सेन्सर विकला असता तर नवा सेन्सरही थंडच राहिला असता, आणि आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार झाला असता.

इथेनॉलबद्दल बोलल्याशिवाय हा विषय आपल्या जिल्ह्यात पूर्ण होत नाही. रोज कुणीतरी म्हणतं, ई-२० मुळं सेन्सर गेला. ज्या भागात चारी बाजूंनी ऊस आहे, निवाड्याला रेणा कारखाना आहे, तिथं हा विषय लोकांच्या जिव्हाळ्याचा आणि भांडणाचा दोन्ही. राजकारण बाजूला ठेवून गॅरेजपुरतं बोलतो. इथेनॉलच्या वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग ऑक्सिजनच असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते, किलोला साधारण ९ किलो. वीस टक्के मिसळलं की मिश्रणाचा आकडा १४.७ वरून १३.५ च्या जवळ येतो. जुन्या ट्युनिंगची गाडी आधीइतकंच पेट्रोल सोडते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, तो तसं सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो. शुद्ध पेट्रोलच्या हिशोबानं बांधलेल्या गाडीत ट्रिम आठ-नऊ टक्के वर दिसला तर त्यात बिघाड काहीच नाही. उलट सेन्सर चोख काम करतोय याचाच तो पुरावा आहे. त्यावर थोडी एक्झॉस्टची फट आली, थोडा फिल्टर चोंदला, की मिळून कोडची मर्यादा ओलांडली जाते. आधी जी बारीक खोट लपून राहायची ती आता दिसते, एवढाच फरक.

मायलेजचं मात्र खरं आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच लिहिलंय, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० वर बसवलेल्या चारचाकीचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्के कमी होऊ शकतं, ई-१० साठी बनवून ई-२० वर बसवलेल्या गाडीचं १ ते २ टक्के. म्हणजे अठरा देणारी जुनी गाडी सतराच्या खाली आली तर ते सेन्सर बदलून परत येणार नाही. हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा. तेराला आली असेल तर गाडी ठेवून घ्या, काहीतरी आहे. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि सील यांचा प्रश्न वेगळा आहे, त्या तपासाच.

खरंच बदलायची वेळ आली तर काम सोपं आहे. बहुतेक गाड्यांत २२ नंबरचा, वायरसाठी बाजूनं कापलेला सॉकेट लागतो. इंजिन कोमट असावं, पोळणारं नको. आदल्या दिवशी गंज सुटायचं तेल मारून ठेवता आलं तर उत्तम. जोर लावून मॅनिफोल्डचे आटे निघाले तर हजाराचं काम पाच हजारांवर जातं, म्हणून इम्पॅक्ट गन लांब ठेवा. नव्या सेन्सरच्या आट्यांवर कंपनीनंच राखाडी पेस्ट लावलेली असते, वरून ग्रीस नको. टॉर्क साधारण ४० ते ५० न्यूटन मीटर, गाडीच्या पुस्तकात बघून. टोक हातात धरू नका, खाली पाडू नका, आत चिनी मातीसारखा ठिसूळ भाग आहे. कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नका, कारण बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतूनच मिळते, ती वाट बंद झाली की नवा सेन्सरही खोटं बोलायला लागतो. आणि गॅस्केटला सिलिकॉन थापायची आपली जी सवय आहे ना, ती सोडा. साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरवर पांढरा थर बसवते. तो पेट्रोलनं धुऊन किंवा तारेच्या ब्रशनं घासून जात नाही. सेन्सर काढल्यावर टोकाचा रंग बघायची सवय लावा. पांढरा असेल तर सिलिकॉन किंवा कूलंट, तेलकट काळा असेल तर इंजिन ऑइल खातंय, कोरडी काजळी असेल तर रिच. कारण तसंच ठेवून नवा लावला तर तोही त्याच वाटेनं जाणार.

दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचा सेन्सर सुस्त निघाला तर त्याचं वय झालं, हेही तेवढंच खरं. मी सेन्सर बदलूच नका म्हणत नाहीये, नाहीतर मी खाणार काय?

आता धंद्याचं बोलू. एक हिशोब मांडतो, आकडे सोयीसाठी घेतलेत, तुमचे घालून बघा. सेन्सर ३५०० ला विकला, त्यात तुमचे ५२५ आणि मजुरी ३००. एका गाडीमागं ८२५. दहा गाड्या आल्या, सगळ्यांना सेन्सर लावला, ८२५० सुटले असं वाटतं. त्यातल्या तीन परत आल्या. प्रामाणिकपणानं पैसे परत दिले तर सात गाड्यांचे ५७७५ हातात, आणि तीन सेन्सरचे २९७५ प्रमाणं ८९२५ खिशातून. लावलेला इलेक्ट्रिकल पार्ट होलसेलवाला परत घेत नाही हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे ३१५० चा तोटा आणि दोन दिवस मान मोडून केलेलं काम. पैसे परत दिले नाहीत तर तोटा दिसत नाही, पण ती तीन माणसं बाजारात, लग्नात, पारावर बसून तुमचं नाव काढतात. रेणापूर काही पुणे नाही, इथं रोज नवं गिऱ्हाईक येत नाही.

आता त्याच दहा गाड्यांना ३५० रुपये तपासणी घेतली. ३५००. खरे सेन्सर सात, त्यांचे ५७७५. उरलेल्या तिघांची वायर, गॅस्केट, नळी, मजुरी अडीचशे धरा, ७५०. एकूण १०,०२५. अडकलेला माल शून्य.

"इथं कोण देतं हो तपासणीचे पैसे? मागितले की लातूरला जातील." हे वाक्य मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकतो. लातूर वीसेक किलोमीटरवर आहे, जायचे ते आजही जातात, फुकट तपासून देता तरी जातात. आणि लोक पैसे देत नाहीत हे मला पटत नाही. रक्त तपासायला देतात, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून लॅबवाल्याकडं पैसे परत मागत नाहीत. डॉक्टरनं गोळी दिली नाही तरी फी देऊन उठतात. पोराच्या क्लासची फी आधी भरून निकालाची दोन वर्षं वाट बघणारा आपला जिल्हा आहे. लोक मेहनतीचे पैसे देतात, फक्त ती दिसली पाहिजे. आपण स्कॅनर लावतो, स्वतःशीच हं हं करतो, आणि म्हणतो "सेन्सर." त्याला काय दिसलं?

म्हणून गिऱ्हाइकाला शेजारी उभं करा. ग्राफ त्याच्याच मोबाइलवर लावता येतो, लावा. "मामा, ही रेषा अशी नाचली पाहिजे, ही बघा झोपलीय" एवढं सांगितलं तरी माणूस वाकून बघतो. साध्या वहीच्या पानावर लिहून द्या: कोड कोणता, आयडलचा ट्रिम, २५०० चा ट्रिम, हीटरचे ओहम, गळती तपासली का. तारीख, किलोमीटर, सही. उद्या तो लातूरला गेला तरी तुमचा कागद घेऊन जाईल. जुना पार्ट त्याच्या हातात द्या, मागायची वाट बघू नका. नवीन पार्टचा डबाही द्या, कारण डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे आणि डबा दिल्यावर आपोआप चांगलाच माल लावला जातो.

एका गोष्टीवर माझं आणि बऱ्याच जणांचं जमत नाही. ते म्हणतात, तपासणी घ्या, पण पार्ट आमच्याकडून घेतला तर ती वजा करा. ऐकायला बरं वाटतं. पण वजा केली की तुम्ही परत तिथंच आलात. सेन्सर निघाला तर कमाई, नाही निघाला तर गिऱ्हाइकाचा चेहरा वाकडा, "साडेतीनशे घेतले आणि नुसती वायर जोडली." फी फीच राहू द्या, निकाल काहीही लागो. पहिले दोन महिने जड जाईल. आमच्याकडंही काही लोक गाडी फिरवून निघून गेले, त्यातले काही परत आले, काही नाही आले. ओळखीचे लोक जास्त त्रास देतात, भाऊबंद तर विचारूच नका. मी घरच्यांसाठी सुद्धा कागदावर ३५० लिहितो आणि खाली सूट म्हणून दाखवतो. निदान किंमत तरी कळते.

पाटीवर काय लिहायचं असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. आमच्या पाटीवर आहे ते असं: "चेक लाइट तपासणी ३५० रुपये. लेखी रिपोर्ट मिळेल. पार्ट घ्या किंवा घेऊ नका." तिसरी ओळ विसरू नका, लोक तीच वाचून आत येतात.

दुचाकीवाल्यांसाठी एक. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मोटारसायकल आणि स्कूटरमध्येही हा सेन्सर आहे. आकारानं लहान, आटे बारीक, म्हणून जोर आणखी जपून. सायलेन्सर काढून परत बसवताना जुनंच गॅस्केट दाबून लावायची सवय आहे, तिथून हवा आत जाते आणि गाडी लीन दाखवते, म्हणजे गुरुजींच्या गाडीचीच गोष्ट छोट्या आकारात. तपासणीचे दीडशे घ्या, आणि सायलेन्सर काढला की गॅस्केट नवीन टाका. पुढच्या आठवड्यात एका स्कूटरवर हे सगळं लाइव्ह करून दाखवतो, मल्टिमीटर जवळ घेऊन बसा.